नवे आयुक्त रुजू होताना: नागरिकांनी आपले अपेक्षापत्र कसे तयार करावे

बेळगाव महानगरपालिकेच्या आयुक्तांची बदली झाली की पुढच्या आठवड्यात वर्तमानपत्रांतून ठरावीक छायाचित्रे झळकू लागतात. नव्या आयुक्तांना पुष्पगुच्छ देणारे शिष्टमंडळ, आणि खाली, शहराच्या सर्वांगीण विकासासाठी प्रयत्न करावेत अशा आशयाचे निवेदन दिल्याचा एका ओळीचा उल्लेख. अशा निवेदनाला कोणताही अधिकारी उत्तर देऊ शकत नाही, कारण त्यात उत्तर देण्याजोगे काही विचारलेलेच नसते. नव्या अधिकाऱ्याकडून आपल्याला नेमके काय हवे आहे हे गल्लीतील लोकांनी एकत्र बसून ठरवावे, ते तपासता येईल अशा शब्दांत लिहावे आणि कार्यालयाच्या दप्तरी नोंदवावे, यासाठीची पद्धत येथे दिली आहे. विवेचन प्रामुख्याने बेळगाव शहर समोर ठेवून केले आहे. निपाणी, खानापूर, चिकोडी किंवा संकेश्वर येथील वाचकांसाठी जे वेगळे आहे ते त्या-त्या ठिकाणी सांगितले आहे.

आयुक्त कोण नेमतो आणि त्याचा आपल्याशी संबंध काय

अमेरिकेतील अनेक शहरांत नगर परिषद स्वतःच एक व्यावसायिक शहर व्यवस्थापक नेमते. व्हर्जिनिया राज्यातील स्टॉन्टन या गावाने १९०८ मध्ये असे पद निर्माण केले आणि पुढे ती पद्धत पसरली. तेथे नवा व्यवस्थापक निवडण्यापूर्वी, आम्हाला कसा माणूस हवा आहे, हे रहिवाशांना विचारण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. आपल्याकडे तसे कोणी विचारत नाही. कर्नाटक महानगरपालिका कायदा, १९७६ नुसार आयुक्ताची नेमणूक राज्य शासन करते. बेंगळूरहून आदेश निघतो, अधिकारी येतात, आणि काही काळाने तशाच आदेशाने जातात.

असे असूनही शहराच्या दैनंदिन कारभारावर सर्वांत मोठा प्रभाव याच पदाचा असतो. बेळगावात ५८ वॉर्ड आणि तितकेच नगरसेवक आहेत. ठराव सभागृह करते, पण अंमलबजावणीचा अधिकार आयुक्तांकडे असतो. महापौरपद एका वर्षाचे असल्यामुळे महापौरांना कामाचा अंदाज येईपर्यंत पुढच्या निवडीची चर्चा सुरू झालेली असते. शिवाय मागील सभागृहाची मुदत मार्च २०१९ मध्ये संपल्यानंतर निवडणूक सप्टेंबर २०२१ मध्ये झाली आणि महापौर निवडीसाठी फेब्रुवारी २०२३ उजाडावे लागले. म्हणजे जवळपास चार वर्षे शहराचा कारभार प्रशासक आणि आयुक्त यांच्याच हाती होता, आणि त्या काळात ज्या वस्त्यांनी आपल्या मागण्या लेखी नोंदवल्या नव्हत्या त्यांच्याकडे दाखवायलाही काही उरले नाही. निवड आपल्या हातात नसली, तरी आलेल्या अधिकाऱ्यासमोर पहिल्या महिन्यात कोणता कागद ठेवायचा हे मात्र आपल्या हातात आहे.

नगरसभा, पुरसभा आणि पट्टण पंचायतींचा कारभार कर्नाटक नगरपालिका कायदा, १९६४ नुसार चालतो. निपाणीसारख्या नगरसभेत पौरायुक्त, तर खानापूरच्या पट्टण पंचायतीत मुख्याधिकारी हे या पदाचे समकक्ष अधिकारी होत. त्यांच्यावर जिल्हाधिकाऱ्यांची देखरेख असते, त्यामुळे तेथील अपेक्षापत्राची एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात देणे अधिक आवश्यक ठरते.

आधी कोणाचे काम कोणते हे ठरवा

बहुतेक निवेदने येथेच कोलमडतात. नळाला पाणी नाही, वीज खंडित होते, रिंग रोडचे काय झाले, बस वेळेवर येत नाही, असे सारे एकाच कागदावर आयुक्तांना लिहिले जाते. मग त्यातील निम्म्या मुद्द्यांवर संबंधित खात्याकडे पाठवण्यात येत आहे असा शेरा पडतो आणि उरलेले निम्मेही त्याच शेऱ्याखाली झाकले जातात.

बेळगावचे पाणी राकसकोप आणि हिडकल या दोन जलाशयांतून येते. शहराच्या काही भागांत चोवीस तास पाण्याचा प्रायोगिक प्रकल्प २००८ च्या सुमारास सुरू झाला आणि पुढे तो संपूर्ण शहरासाठी हाती घेण्यात आला; त्याचे नियंत्रण राज्याच्या नगर पायाभूत सुविधा वित्त महामंडळाकडे असून प्रत्यक्ष काम कंत्राटी कंपनी पाहते. वीजपुरवठा हेस्कॉमकडे आहे. नव्या वसाहतींचा आराखडा आणि भूखंड हा ‘बुडा’चा, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचा, विषय आहे. कॅम्प भागात कॅन्टोन्मेंट बोर्डाचा स्वतंत्र कारभार चालतो. वाहतूक नियंत्रण पोलीस आयुक्तालयाकडे असते, आणि काही मुख्य रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याचे किंवा महामार्ग प्राधिकरणाचे असतात. स्मार्ट सिटी योजनेत २०१६ च्या पहिल्या यादीतच बेळगावचा समावेश झाला होता आणि ती कामे स्वतंत्र कंपनीमार्फत झाली. त्यांपैकी आपल्या भागातील कोणती मालमत्ता महापालिकेकडे रीतसर हस्तांतरित झाली आहे, हा प्रश्न मात्र आयुक्तांनाच विचारावा.

आयुक्तांच्या थेट अखत्यारीत काय येते याची यादी तशी लहान नाही. कचरा उचल आणि त्याची विल्हेवाट, पावसाळी गटारी व नाले, वॉर्डांतर्गत रस्ते, पथदीप, उद्याने, मंडई, बांधकाम परवाने, व्यापार परवाने, घरपट्टीची आकारणी, खाता उतारा (महापालिकेच्या दप्तरी मालमत्ता कोणाच्या नावे आहे हे दाखवणारा उतारा), जन्म-मृत्यू दाखले, मोकाट जनावरे आणि कुत्री. अपेक्षापत्रातील बहुतेक मुद्दे यांतूनच घ्यावेत.

जेथे काम दुसऱ्या खात्याचे आहे पण त्रास रस्त्यावर होतो, तेथे वाक्यरचना बदलावी. पाण्याची जलवाहिनी घालण्यासाठी गल्लीतील काँक्रीट फोडले जाते, चर मातीने बुजवला जातो आणि पुढच्या पावसात तो खचून दुचाकीस्वार पडतात, हा अनुभव शहरातील फारच थोड्या गल्ल्यांना नसेल. अशा वेळी पाणी वेळेवर द्यावे असे आयुक्तांना लिहिण्याऐवजी, आमच्या गल्लीत रस्ता खोदण्याची परवानगी कोणत्या तारखेला दिली, पूर्ववत करण्याची मुदत कोणती होती आणि मुदत उलटल्यावर महापालिकेने कोणती कारवाई केली, ते कळवावे, असे लिहावे. कारण परवानगी देणारे आणि रस्त्याचे मालक महापालिकाच आहे.

गल्लीची बैठक

अपेक्षापत्र एका माणसाने रात्री बसून लिहिले तर ते त्याच्या घरासमोरच्या गटारीपुरते राहते. म्हणून बैठक घ्यावी, आणि ती रविवारी सकाळी, देवळाच्या सभामंडपात किंवा मंडळाच्या खोलीत घ्यावी. संध्याकाळची वेळ ठेवल्यास स्वयंपाकाच्या गडबडीत असलेल्या स्त्रिया येत नाहीत. आणि घंटागाडी किती वाजता येते, किती दिवस येत नाही, ओला-सुका कचरा वेगळा दिला तरी तो गाडीत पुन्हा एकत्र होतो की नाही, याची खात्रीची माहिती त्यांच्याकडेच असते. भाडेकरूंनाही बोलावावे. घर त्यांच्या नावावर नसते म्हणून त्यांना वगळण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि ती चुकीची आहे. कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्यांच्या सह्या असलेला कागद साऱ्या गल्लीचा आहे हे अधिकाऱ्याला पहिल्या नजरेत कळते.

बैठकीत, नव्या साहेबांकडून तुम्हाला काय हवे, असे विचारू नये. या प्रश्नाला प्रामाणिकपणा, कार्यक्षमता, लोकाभिमुखता अशीच उत्तरे येतात, आणि त्यांचे पुढे काहीही करता येत नाही. त्याऐवजी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: गेल्या वर्षभरात महापालिकेत कोणत्या कामासाठी जावे लागले आणि ते किती फेऱ्यांत झाले? या प्रश्नावर लोक मोकळेपणाने बोलतात. कोणी वडिलांच्या पश्चात घराचा खाता आपल्या नावावर करण्यासाठी गेलेला असतो, कोणाला ई-खात्याच्या नोंदीत क्षेत्रफळ चुकीचे आल्याचे दुरुस्त करायचे असते, कोणाचा पथदीप दिवाळीपासून बंद असतो. पंच मंडळी आधी बोलतात आणि मग बाकीचे माना डोलावतात, हे टाळायचे असेल तर आधी चिठ्ठ्यांवर लिहून घ्यावे आणि एका मुलाला त्या मोठ्याने वाचायला सांगावे.

सफाई कामगारांशी बैठकीबाहेर बोलावे. सकाळी सहा वाजता कामावर असलेली व्यक्ती गल्लीची जी माहिती देऊ शकते ती इतर कोणी देऊ शकत नाही. मात्र अधिकाऱ्यांविरुद्ध बोलल्याचा ठपका तिच्यावर येऊ नये म्हणून तिचे नाव कागदावर कोठेही घालू नये.

गुण मागू नका, काम मागा

जमलेल्या चिठ्ठ्यांतून पाचच मुद्दे निवडावेत. दहा-बारा मुद्द्यांचे निवेदन दिसायला भारदस्त असते, पण अधिकारी त्यातील सर्वांत सोपा मुद्दा उचलतात आणि तेवढ्यावर कार्यवाही झाल्याचे पत्र देतात. प्रत्येक मुद्द्यात काय, कोठे, केव्हापर्यंत आणि उत्तर कोण देणार या चार गोष्टी आल्या पाहिजेत. एक उदाहरण सविस्तर पाहू.

नाले स्वच्छ करावेत, ही मागणी प्रत्येक नव्या आयुक्तांकडे जाते. ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत शहराच्या सखल भागांत पाणी शिरले तेव्हापासून तर ती हमखास जाते. बळ्ळारी नाल्याकाठचे शहापूर-वडगाव परिसरातील शेतकरी आणि लेंडी नाल्यालगतचे रहिवासी दर पावसाळ्यात याच विवंचनेत असतात. महापालिका नाले स्वच्छ करत नाही असेही नाही. मे महिन्यात जेसीबी येतो, गाळ काढला जातो आणि काठावर त्याचे ढीग लावले जातात. ते ढीग सुकल्यावर उचलू असे सांगितले जाते. त्यातच वळवाची एक जोरदार सर येते आणि काढलेला गाळ पुन्हा नाल्यात उतरतो. कागदावर मात्र काम पूर्ण झालेले असते. म्हणून अपेक्षापत्रात असे लिहावे:

“आमच्या वॉर्डातील नाल्याचा पूल ते पूल हा सोबतच्या नकाशात दाखवलेला भाग दरवर्षी १५ मेपूर्वी स्वच्छ करावा. काढलेला गाळ काठावर न ठेवता ४८ तासांत उचलावा आणि तो कोठे टाकला याची नोंद ठेवावी. या भागाची जबाबदारी ज्या अभियंत्यांकडे आहे त्यांचे पदनाम व कार्यालयीन दूरध्वनी क्रमांक वॉर्डात फलकावर लावावा. गाळ काढण्याचे बिल मंजूर करण्यापूर्वी वॉर्डातील दोन रहिवाशांच्या उपस्थितीत पाहणी करावी.”

यातील शेवटचे वाक्य अधिकाऱ्यांना सहसा आवडत नाही, आणि त्यावर चर्चा होणार हे गृहीत धरावे. ते मान्य झाले नाही तरी पहिली तीन वाक्ये नाकारणे कठीण जाते.

दुसरा मुद्दा अर्जांचा असावा, असे माझे आग्रहाचे मत आहे, कारण नागरिकांच्या चिठ्ठ्यांत तोच सर्वाधिक वेळा येतो. कर्नाटकात सकाल सेवा कायदा, २०११ लागू आहे आणि एप्रिल २०१२ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. या कायद्यानुसार खाता उतारा, बांधकाम परवाना, व्यापार परवाना, जन्म-मृत्यू दाखला यांसारख्या सेवा ठरावीक दिवसांत द्याव्या लागतात. अर्ज स्वीकारताना १५ अंकी क्रमांक दिला जातो. मुदत उलटली तर अर्जदाराला दर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते. रक्कम क्षुल्लक आहे, पण ती संबंधित कर्मचाऱ्याकडून वसूल होण्याची तरतूद असल्यामुळे क्रमांक पडलेला अर्ज टेबलावर फार काळ पडून राहत नाही. अडचण अशी की, कागदपत्रे ठेवून जा, बघून घेतो, असे म्हणून अर्ज क्रमांकाविनाच ठेवून घेतले जातात, आणि मग कायद्याच्या दृष्टीने तो अर्ज आलेलाच नसतो. म्हणून नव्या आयुक्तांकडून अपेक्षा अशी मांडावी, की कोणत्याही खिडकीवर सकाल क्रमांकाशिवाय अर्ज घेतला जाऊ नये, आणि मुदत उलटलेल्या अर्जांची विभागवार संख्या दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कार्यालयाच्या फलकावर लावली जावी. नावे नकोत, फक्त संख्या पुरेशी आहे.

स्वच्छतेबाबत मनुष्यबळाचा मुद्दा घ्यावा. राज्याच्या निकषानुसार साधारण ७०० लोकसंख्येमागे एक पौरकार्मिक, म्हणजे सफाई कामगार, असावा. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या चार लाख ८८ हजारांच्या घरात होती, म्हणजे त्या वेळच्या हिशेबानेही सुमारे ७०० पौरकार्मिक लागतात, आणि त्यानंतर शहर वाढले आहे. आपल्या वॉर्डाची लोकसंख्या किती, त्यावर किती कामगार नेमलेले आहेत आणि त्यांपैकी प्रत्यक्ष किती येतात, हे तीन आकडे मागावेत. हातमोजे, गमबूट आणि वेळेवर वेतन यांची मागणीही नागरिकांच्याच पत्रात असावी. तुरमुरी येथे जाणाऱ्या कचऱ्याचे पुढे काय होते, तेथील ग्रामस्थांना त्याचा काय उपद्रव होतो, याबद्दल शहरातील माणसाने विचारणा करणे हेही औचित्याला धरून होईल.

अपंग आणि वृद्ध यांच्यासाठी एक मुद्दा राखून ठेवावा. राज्यातील नागरी स्थानिक संस्थांनी आपल्या निधीतून २४.१० टक्के अनुसूचित जाती-जमातींसाठी, ७.२५ टक्के इतर दुर्बल घटकांसाठी आणि ५ टक्के अपंगांसाठी खर्च करावयाचा असतो. आमच्या वॉर्डात गेल्या वर्षी या ५ टक्क्यांतून काय झाले, हा एक ओळीचा प्रश्न बऱ्याच गोष्टी उघड करतो.

लोकांसमोर उपलब्ध राहण्याविषयी एवढेच म्हणेन, की फोन-इन कार्यक्रमाची मागणी करू नये. त्यात ज्याचा फोन लागतो त्याचा पथदीप लागतो आणि शेजारच्या गल्लीत अंधार तसाच राहतो. त्याऐवजी आठवड्यातील एक ठरलेला वार आणि वेळ मागावी, आणि घटनेच्या कलम २४३-एसमध्ये तीन लाखांवरील लोकसंख्येच्या शहरांसाठी ज्या वॉर्ड समित्यांची तरतूद आहे त्यांच्या बैठकींना अधिकाऱ्यांनी उपस्थित राहावे व इतिवृत्त प्रसिद्ध करावे, अशी अपेक्षा नोंदवावी.

मराठीचा मुद्दा कसा लिहावा

हा मुद्दा टाळून चालणार नाही आणि भावनेच्या भरात लिहूनही चालणार नाही. घटनेच्या कलम ३५० नुसार कोणत्याही व्यक्तीला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क आहे. त्यामुळे मराठीत लिहिलेले अपेक्षापत्र स्वीकारणार नाही, असे कोणत्याही खिडकीवर म्हणता येत नाही. तरीही माझा सल्ला असा, की मराठी मूळ प्रतीसोबत तिचे कन्नड भाषांतर जोडावे. महापालिकेतील टिपण्या कन्नडमध्ये लिहिल्या जातात. आपल्या पत्राचा सारांश कारकुनाने आपल्या समजुतीप्रमाणे लिहिण्यापेक्षा तो आपणच दिलेल्या मजकुरावरून लिहिला जाणे हिताचे असते. हक्क मराठी प्रतीत शाबूत राहतो आणि काम कन्नड प्रतीमुळे पुढे सरकते.

मागणी मात्र नेमकी असावी. घरपट्टीची नोटीस, अतिक्रमण किंवा पाडकामाची नोटीस आणि साथीच्या रोगांविषयीची सूचना या तीन गोष्टी नागरिकाला कळल्या नाहीत तर त्याचे प्रत्यक्ष नुकसान होते. म्हणून त्या कन्नडबरोबर मराठीतही द्याव्यात, एवढेच लिहावे. ज्या आजींना मराठीशिवाय दुसरी लिपी वाचता येत नाही त्यांना पाडकामाची नोटीस समजून घ्यायला नातवाची वाट पाहावी लागते आणि तोवर हरकतीची मुदत संपलेली असते, हे उदाहरण कोणत्याही समंजस अधिकाऱ्याला पटते. सीमाप्रश्नाबाबत महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा उल्लेख या कागदावर करू नये. त्यासाठी व्यासपीठे वेगळी आहेत, आणि आयुक्त त्यावर काही करूही शकत नाहीत.

कागदाचे स्वरूप

सारा मजकूर एका कागदाच्या दोन बाजूंत बसवावा. वर तारीख, मा. आयुक्तसाहेबांचा पदनामासह उल्लेख, विषय आणि वॉर्ड क्रमांक. स्वागताचे एक वाक्य पुरे. स्तुती नको आणि मागील आयुक्तांवर टीकाही नको, कारण नव्या अधिकाऱ्याला आपल्या सहकाऱ्याविरुद्धचा कागद हाताळताना संकोच होतो. त्यानंतर पाच मुद्दे क्रमांक घालून लिहावेत. पूर्वी याच विषयांवर दिलेल्या अर्जांचे आवक क्रमांक असतील तर प्रत्येक मुद्द्याखाली ते द्यावेत. या एका ओळीमुळे प्रश्न जुना आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. सोबत हाताने काढलेला साधा नकाशा आणि तारीख दिसेल अशी छायाचित्रे जोडावीत. पक्षाचे किंवा संघटनेचे लेटरहेड वापरू नये. सह्यांसमोर घरक्रमांक लिहावा. दूरध्वनी क्रमांक दोघातिघांचेच असावेत.

शेवटच्या परिच्छेदात, या मुद्द्यांवर ९० दिवसांनंतर आढावा घेण्यासाठी वेळ मिळावी, अशी विनंती करावी आणि ती तारीख प्रत्यक्ष घालावी.

केव्हा आणि कसे द्यावे

रुजू झाल्याच्या दिवशी जाऊ नये. त्या दिवशीचे सगळे कागद हारांबरोबर एकाच टेबलावर पडतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात वेळ मागून जावे. सुवर्ण विधानसौधचे उद्घाटन २०१२ मध्ये झाले असून हिवाळी अधिवेशनाच्या काळात, म्हणजे सहसा डिसेंबरमध्ये, बेळगावातील जवळपास प्रत्येक अधिकारी अधिवेशनाच्या बंदोबस्तात आणि व्यवस्थेत गुंतलेला असतो. ते दिवस टाळावेत. ज्या मुद्द्यांना पैसा लागणार आहे ते अर्थसंकल्पाची तयारी पूर्ण होण्याआधी, जानेवारीपर्यंत पोहोचले पाहिजेत. नाल्याचा मुद्दा फेब्रुवारीत पुन्हा आठवण करून देण्याजोगा आहे, कारण निविदा निघण्यास वेळ लागतो आणि एप्रिलमध्ये दिलेल्या पत्रावर यंदा उशीर झाला हेच उत्तर मिळते.

भेटीपूर्वी कागद आवक विभागात द्यावा. ही बाब बहुतेक शिष्टमंडळे विसरतात. पत्र थेट साहेबांच्या हातात दिल्याचे समाधान मिळते, छायाचित्र निघते आणि त्या पत्राची कोठेही नोंद होत नाही. आवक खिडकीवर दोन प्रती न्याव्यात. कारकून आपल्या प्रतीवर गोल शिक्का मारून परत देतो आणि लोक तेवढ्यावर निघतात. थांबून पाहावे: शिक्क्याखाली तारीख आहे का, सही आहे का, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आवक क्रमांक लिहिला आहे का. क्रमांक नसलेला शिक्का पुढे उपयोगी पडत नाही. “क्रमांक नंतर देतो” असे सांगितले गेल्यास तेथेच शांतपणे उभे राहावे. दहा मिनिटांत क्रमांक मिळतो.

भेटीला पाच जणांपेक्षा अधिक जाऊ नयेत आणि बोलणारी व्यक्ती एकच असावी. ती गल्लीतील सर्वांत वजनदार व्यक्ती असण्याची गरज नाही, विषयाची माहिती असलेली असावी. एखादी गृहिणी घंटागाडीच्या वेळांची वही घेऊन बोलली तर तिला मध्येच तोडणे अवघड जाते. प्रती महापौर, आपले नगरसेवक आणि संबंधित स्थायी समितीचे अध्यक्ष यांना द्याव्यात. नगरसेवकांना आधी कल्पना द्यावी. आपल्याला वगळून परस्पर गेले असे वाटल्यास ते काम अडवतीलच असे नाही, पण पुढेही नेणार नाहीत.

त्यानंतरचे तीन महिने

भेटीत जे तोंडी मान्य झाले ते दोन दिवसांत पत्राने कळवावे: अमुक दिवशी झालेल्या भेटीत आपण पुढील बाबी मान्य केल्या, त्याबद्दल आभारी आहोत. या पत्रालाही आवक क्रमांक घ्यावा. तोंडी आश्वासन लेखी करण्याचा यापेक्षा सभ्य मार्ग नाही.

पथदीप बंद आहे, कचरा उचललेला नाही, अशा सुट्या तक्रारी अपेक्षापत्रात गुंतवू नयेत. त्यांच्यासाठी राज्याची १९०२ ही जनस्पंदन मदतवाहिनी आहे. तेथील तक्रार क्रमांक मात्र गल्लीच्या वहीत उतरवून ठेवावेत, म्हणजे आढाव्याच्या वेळी आकडे हाताशी राहतात.

उत्तर आलेच नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. कर्नाटकात असा अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आतला असावा लागतो, शुल्क १० रुपये असते आणि माहिती ३० दिवसांत द्यावी लागते. पाच मुद्दे एकाच अर्जात घातल्यास अर्ज फेटाळण्यास आयते कारण मिळते. काम का झाले नाही असे विचारू नये. कारण विचारणे म्हणजे माहिती मागणे नव्हे, असे उत्तर येते. आमच्या अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावर आजपर्यंत झालेल्या टिपण्यांची आणि शेऱ्यांची प्रत द्यावी, एवढेच मागावे. त्या प्रतीवरून पत्र कोणत्या टेबलावर किती दिवस थांबले हे तारखांसह दिसते, आणि पुढचे पत्र नेमके कोणाच्या नावे लिहायचे तेही समजते. लाच मागितल्याचा प्रकार असेल तर मात्र या वाटेने न जाता लोकायुक्तांकडे तक्रार करावी.

नव्वदाव्या दिवशी आयुक्तांनी वेळ दिली नाही, तरी ठरल्या तारखेला गल्लीची बैठक घ्यावी आणि पाचही मुद्द्यांपुढे झाले, अर्धवट, झाले नाही, असे शेरे लिहून ते पत्र पुन्हा आवक विभागात द्यावे. जे झाले त्याबद्दल स्पष्ट शब्दांत आभार मानावेत. पौरकार्मिकांची संख्या वाढली असेल तर तसे लिहावे. तक्रारीच घेऊन येणाऱ्या लोकांमध्ये एखादे पत्र काम झाल्याचे सांगणारे असले, तर ते अधिकारी लक्षात ठेवतात.

आणि याच सुमारास आयुक्तांची बदली झाल्याची बातमी आली, तर नवे निवेदन लिहायला बसू नये. शिक्का आणि क्रमांक असलेले मूळ अपेक्षापत्र, भेटीनंतरचे पत्र आणि शेरे मारलेला आढावा, या तिन्हींच्या छायाप्रती एकत्र टाचून, वर चार ओळींचे पत्र जोडून त्या नव्या अधिकाऱ्यांना द्याव्यात आणि पुढच्या आढाव्याची तारीख घालावी. मूळ कागद एकाच घरात ठेवू नयेत. एक संच मंडळाच्या कपाटात आणि दुसरा गल्लीतील एखाद्या शिक्षकाच्या घरी असावा.